बोडकीवरचं वारं

कामशेत,
दि. १६ ऑक्टोबर २००५

तीर्थरूप बा यांना मिनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. याडीचे गुडघे (इथं सगळे 'आई' म्हणतात, माझ्या तोंडी याडीच येतं), चांदी गाय आणि तुझ्या मिशा, सगळं ठीक असेल असं धरून चालते. पत्रात वडिलांना 'तुम्ही' म्हणायची रीत आहे, पण तुला 'तुम्ही' लिहिलं की तांड्याच्या नायकाला अर्ज केल्यासारखं वाटतं. म्हणून तूच.

तू फोनवर येत नाहीस, म्हणून हा कागद. प्रेमदासभाऊ, बाला मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस. मागच्या पत्रातलं गाळलंस, हे याडीनं मला सांगितलं आहे.

बातमी अशी की तुझी पोरगी मास्तरीण झाली. शिक्क्याचा कागद मिळाला, त्यावर 'प्रशिक्षक' असं लिहिलंय. आमच्या शाळेत फळा नाही, खडू नाही. माणसाला झोळीत बांधायचं, झोळीला दोऱ्या, दोऱ्यांना कापडाचं मोठं छत, आणि टेकडीच्या उतारावरून पळायला लावायचं. पळता पळता पाय जमिनीवरून सुटतात. याला पॅराग्लायडिंग म्हणतात. याडी, घाबरू नको. याला इंजिनच नसतं, त्यामुळे बंद पडायचं काही नाही.

सहा वर्षांपूर्वी मी इथल्या उडणं शिकवायच्या शिबिरात भाकरी थापायला लागले. भाकरी झाल्या की छतांच्या घड्या घालायच्या. एक दिवस सरांनी विचारलं, उडतेस का? पहिल्याच दिवशी हसं झालं. सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे आणि मी एकटी पाठ करून. खळ्यावर उफणताना वाऱ्याकडे पाठ करायची एवढंच मला ठाऊक, नाहीतर भुसा डोळ्यांत जातो. सर पोट धरून हसले. मग म्हणाले, वारं जोराचं असलं की सुरुवातीला असंच उभं राहायचं असतं, ते मी पुढच्या महिन्यात शिकवणार होतो.

परीक्षेला बाहेरून साहेब आले होते. माझ्या हाताखाली पाच शिकाऊ, झोळ्या बांधून तयार. वारं मोजायचं यंत्र म्हणत होतं, समोरून आहे, बराबर आहे. मी चिमूटभर माती बोटांतून सोडली, तर ती पायाशीच पडली, म्हणजे वारं पडत होतं. मी कुणालाच सोडेना. तू उफणताना असाच हात थांबवायचास. याडी खालून ओरडायची, "टाका की, काहून थांबले?" आणि तू म्हणायचास, "दम धर, वारं पलटून राहिलं." मीही तेच म्हणाले, अगदी तुझ्या आवाजात. साहेब घड्याळ बघत राहिले. दहाव्या मिनिटाला वारं पाठीमागून आलं, तशात कुणी पळालं असतं तर छत न उचलता आपटलंच असतं, आणि साहेबांची टोपी दरीत गेली.

मी पास. साहेबांनी विचारलं, हे कुणाकडे शिकलात? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, बा.

आता खरी गोष्ट. इथवर मी ती टाळत आले.

मला स्वतःची शाळा काढायची आहे. कळमनुरी तालुक्यात. एका टेकडीवर. म्हणजे आपल्या बोडकीवर. उगवतीकडे उतार, माथ्यावर झाड नाही, खाली मोकळं रान, अशी टेकडी मला दुसरी सापडली नाही. पण बोडकी तांड्याच्या गुरांच्या चराईची. प्रेमदासनं नायक नेमसिंगकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, "आधी थावराचं त्वांड उघडू दे, मंग पंच बसतील." म्हणजे गाडी तुझ्यापाशी अडली.

आणि तू माझ्याशी बोलत नाहीस. चूक माझी आहे. तू पंचांसमोर माझ्या लग्नाचा गूळ खाल्लास. तांड्यात गूळ खाल्ला की शब्द दिला, त्यापुढे कागद लागत नाही. आणि मी तिसऱ्या दिवशी पुण्याला मावशीकडे पळाले. मला ते लग्न नको होतं, एवढंच तुला तोंडावर सांगायचं होतं. तेवढं धाडस झालं नाही. टेकडीवरून पाय उचलायला त्याच्या निम्मंही लागत नाही. शब्द मोडला म्हणून तुला भर पंचायतीत पागोटं काढून खाली ठेवावं लागलं, हे कळलं त्या दिवशी मी दुसऱ्यांसाठी भाकरी थापल्या आणि स्वतः जेवले नाही. लग्न मोडलं याची मला खंत नाही. तुला न सांगता गेले, याची आहे.

अजून एक, हे याडीलाही ठाऊक नाही. गेल्या पौषात मी आपल्या वारंगा फाट्यापर्यंत आले होते. ग्यानोबाच्या हॉटेलात चहा घेतला, लांबून बोडकी बघितली आणि परतीची एसटी धरली.

हो म्हण, नाही म्हण. पण बोडकीवर वारं कधी चढतं, एवढं तरी सांग. ते इथल्या कुठल्याच पुस्तकात नाही.

तुझी, चुकलेली आणि पास झालेली,
मिना

•

तांडा, वारंगा फाट्याजवळ,
दि. ९ नोव्हेंबर २००५

मिनास आशीर्वाद. बा सांगतील तसं मी लिहितो आहे. एक अक्षर बदलायचं नाही अशी ताकीद आहे. – प्रेमदास

चांदी व्याली. कालवड झाली. तुझ्या याडीचे गुडघे दुखतेत, पर तुझा कागद ऐकून ती दोनदा उठून नाचली.

बोडकीवर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत उगवतीचं वारं चढते. दिवस कासराभर वर आला की सुरू कर. दुपारी वावटळी सुटतेत, तवा कुणाला उडवू नको. होळीनंतर वारं मावळतीचं, मंग शाळा बंद. खालच्या पडीक वावरात उतरा. माझ्या हरभऱ्यात पाय पडला तर मास्तरीण म्हणून सोडणार न्हाई.

तू वाऱ्याकडं पाठ केली ते बराबरच व्हतं. त्या सरला सांग.

पौषात आलती ते मला ठाऊक हाय. ग्यानोबानं निरोप धाडला व्हता. म्या गाडी जुंपून फाट्यावर आलो तवर यष्टी गेलती. अर्धा चहा कपातच ठेवून गेलीस. तो थंड झालता, तरी म्या पिला.

पागोटं म्या तवाच परत बांधलं. त्याची तकलीफ तू धरू नको.

काल नायकाच्या दारात पंच बसले. म्या त्वांड उघडलं. तुझ्या शाळेचा गूळ फोडला, समद्या तांड्यानं खाल्ला, म्या पयला खाल्ला. शब्द दिलाय. या बारीला पळायचं असंल तर बोडकीवरून पळ.

फाट्यावर गाडी घेऊन उभा राहणारा,
तुझा बा,
थावरा
(अंगठा)