काळ्या बुरख्यातला जयवंत

विक्रोळी,
८ जानेवारी १९८४

ती. सुलक्षणाअक्कास,
जयवंताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काय लिहावं तेच सुचेना, म्हणून उत्तराला उशीर झाला. कंपनीनं फुटबॉलचा संघ बंद केला. आम्हाला खेळासाठीच कामावर घेतलेलं, त्यामुळे सगळ्यांना घरी बसवलं. मग चंद्रप्रकाश म्हणून एकजण भेटला. तो तिकीट लावून फ्रीस्टाइल कुस्त्यांचे खेळ करतो. माझी उंची नि मांड्या बघून म्हणाला, चालशील. आता कधी मुलुंड, कधी बोरिवली, अशी मैदानं फिरतो. तोंडावर काळा बुरखा असतो. कुंडलिक नावाचा जुना पैलवान आधी माझा मार खातो आणि शेवटी मला चीत करतो. सगळं आधी ठरलेलं. लोक मला शिव्या घालतात, शेंगांची टरफलं मारतात. एकदम झकास चाललंय!

बाबांना यातलं काही सांगू नकोस. भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जयवंत

शिरोडा,
२० जानेवारी १९८४

चि. जयवंतास,
सुलक्षणाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं नि चुलीत घातलं, बाबांच्या हाती लागायला नको. अरे, मार खरा लागत नाही ना? मैदानात लोक तुझ्या नावानं कसे ओरडायचे ते बाबा अजून शेजारी बसून रंगवून सांगतात, आणि तू बुरखा घालून शिव्या खातोस! राहतोस कुणाबरोबर, एका अक्षरानं लिहिलं नाहीस. तुझं ‘झकास’ मला चांगलं कळतं रे.

शेजारच्या कमळचा दीर मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर सुके बांगडे पाठवतेय. भाजलेस की चाळवाले ओरडतील, पण शिव्यांची तुला सवय झालीच आहे. पत्र पाठव, जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी,
अक्का

घाटकोपर,
६ मार्च १९८४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

शनिवारी इथं कुस्ती होती. कुंडलिकनं मला उचलून आपटायचं ठरलं होतं. त्यानं कमरेला मिठी मारली आणि तसाच माझ्या अंगावर सैल पडला. हळूच म्हणाला, हात चालेना रे, मला धरून ठेव. मी त्याला धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं, मी गळा आवळतोय. खुर्च्या आल्या अंगावर. मी बुरखा काढला, डॉक्टरला बोलवा म्हणून ओरडलो, तर लोक हसायलाच लागले. त्यांना तोही खेळ वाटला. शेवटी त्याला खांद्यावर टाकला, गर्दीतून वाट काढली नि रिक्षात घालून इथल्या इस्पितळात आणला. अर्धांगवायू झालाय. डावी बाजू गेली.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश इस्पितळात आला. मला म्हणाला, तुझं नशीब उघडलं. कुंडलिकला लोळवणारा म्हणून पोस्टर लावतो. यापुढे बुरखा नाही, स्वतःच्या नावानं खेळायचं आणि जिंकायचं. अक्का, मोह झाला गं. पण कुंडलिक खाटेवरून सगळं ऐकत होता. नजर छताला लावलेली. मी चंद्रप्रकाशला नाही म्हटलं.

आता पुढं काय, ठाऊक नाही. आठवण असू दे.

जयवंत

शिरोडा,
१७ मार्च १९८४

चि. जयवंतास अनेक आशीर्वाद.

केलंस ते बरं केलंस. त्या बिचाऱ्याला त्याच्या माणसांत पोचव आणि गाशा गुंडाळून घरी ये. तुझ्या भाऊजींनी होडीवर तुझ्यासाठी काम बघून ठेवलंय. बाबांना मी सगळं सांगितलं.  पोराला खुर्ची लागली का, एवढंच त्यांनी विचारलं.

येतोस कधी ते कळव. डोळे वाटेकडे आहेत.

तुझी,
अक्का

विक्रोळी,
२ एप्रिल १९८४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बाबांना सांग, खुर्ची पाठीला लागली होती, आता बरं आहे.

मी येत नाही, रागावू नकोस. कुंडलिकला माणसंच नाहीत. बायको मागेच गेली, पुतण्यानं जागा नाही म्हणून कळवलं. त्याला माझ्या खोलीवर आणलाय. मी लाकडाच्या वखारीत कामाला लागलो. चाळीतले म्हणतात, जयवंता, मोठं पुण्य करतोयस.  तुला मात्र खरं सांगतो. सहा वर्षं कुलूप काढून या खोलीत शिरत होतो. आता दार नुसतं लोटलेलं असतं, आणि आज उशीर का केलास म्हणून कुंडलिक बोबड्या आवाजात माझ्यावर डाफरतो. अक्का, मुंबईत माझी वाट बघणारं हे पहिलंच माणूस.

तूच ये एकदा, बाबांनाही आण. जागा करू. तोवर मायेनं सांभाळून घे.

तुझा,
जयवंत