तीन काळे ग्लास

सोमवार, ४ मार्च

चुकले. सगळ्यांच्या देखत चुकले.

दर सोमवारची तपासणी, तीन ग्लास. दोहोंत एकच बिअर, एकात वेगळी. वेगळी ओळखायची, बस्स. चौदा वर्षं हेच करतेय मी. दादाने पहिली टाकी बसवली तेव्हापासून त्याची बिअर ताजी आहे की उतरायला लागली, हे माझं नाक ठरवतं. मी हो म्हटलं की खोक्यांवर शिक्का बसतो — ‘चव पाहिली’. शिक्का माझ्या खिशात असतो. दादाच्याही नसतो.

आणि आज मी डावीकडचा उचलला तर वेगळा होता उजवीकडचा. वहिनीने मात्र एकदाच हुंगलं आणि म्हणाली, “ही जुनी. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.” बरोबर!

हे काळे ग्लास आल्यापासून सगळं बिनसलंय. आधी काचेचे होते, रंग दिसायचा, फेस किती टिकतो ते दिसायचं. आता म्हणे डोळ्यांनी फसायला नको. दादाच्या डोक्यातून आलं म्हणतात. दादाच्या डोक्यात चौदा वर्षं नाही आलं ते लग्नानंतर आठ महिन्यांत बरं आलं.

शिवाय आज ओतायला डिलिव्हरीवाले काका होते. त्यांच्या हाताला कायम डिझेलचा वास. काय डोंबल ओळखणार माणूस!

मंगळवार, ५ मार्च

चहाला हल्ली चव नाही. वहिनीने पावडर बदललीय, नक्की. विचारलं तर म्हणते, “तीच आहे ताई, डबा दाखवू?” डबा काय, जुन्यात नवी भरता येते.

गुरुवार, ७ मार्च

दूध उतू गेलं आणि करपलं. मी तिथेच टेबलाशी बसून भाजी निवडत होते, पाठ होती शेगडीकडे. वहिनी बाहेरच्या जिन्यावरून धावत आली, गॅस बंद केला, पातेलं सिंकमध्ये टाकलं. मग माझ्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. मी म्हटलं, “लक्ष नव्हतं.” ती म्हणाली, “होतं असं कधीकधी.”

वाटलं, आता संध्याकाळी दादाला तिखटमीठ लावून सांगेल. नाही सांगितलं. पातेलं स्वतः घासून ठेवलं. मानभावी कुठली.

सोमवार, ११ मार्च

बरोबर! पहिल्या फटक्यात!

वहिनी आपणहून म्हणाली, “ताईंसाठी आज मी ओतते, काकांना गाडी भरू दे.” म्हटलं ओत. मधला ग्लास ओठाला लावला आणि कळलंच, हा बाकीच्या दोन्हींसारखा नाही. वेगळा कुठला ते ओतणारा चिठ्ठीवर लिहून ताटाखाली ठेवतो, दादाने ती काढली. मधला. दादा म्हणाला, “छोटी परत आली!” शेहेचाळीसची झाले, पण त्याच्यासाठी छोटीच.

वहिनीपण हसली. हसू दे. एक मात्र लिहून ठेवते — हिला धड ओतता येत नाही. तिन्ही ग्लास सारखे गार हवेत, हा पहिला नियम. मधला चांगलाच कमी गार होता. नव्या माणसाचं असंच. तरी मी ओळखलं, हे महत्त्वाचं.

बुधवार, १३ मार्च

चौकातल्या मोठ्या दुकानाने बारा खोकी परत पाठवली. दुकानदार फोनवर म्हणाला, गिऱ्हाईक म्हणतं पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. आणखी एकदा असं झालं तर तुमचा माल बंद. दादाचा चेहरा उतरला. निम्मा माल त्याच दुकानात जातो.

मग बसलो तिघं. लेबलवर ‘नव्वद दिवस ताजी’ आहे, ते मी ठरवलेलं. वहिनी म्हणते साठ करा. म्हणते, साठनंतर बिअरमधल्या हॉप्सच्या फुलांचा वास जातो, मग मधासारखं गोडूस, मग पुठ्ठा. बोटांवर मोजून दाखवलं, मलाच! ही फुलं टाकीत कधी टाकायची तेही हिला आठ महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. लॉन्ड्रीत कामाला होती. लोकांचे शर्ट हुंगून कुणी सिगरेट ओढली, कोण स्वयंपाकघरात उभं राहिलं ते सांगायची म्हणे. हे हिचं शिक्षण.

मी परत आलेल्यातली बाटली फोडली. कडवटपणा आहे, जिभेला फेस टोचतोय छान, गोडीही आहे. मला नाही लागला पुठ्ठा. तसं सांगितलं.

दादाने तो ग्लास तिच्याकडे सरकवला. तिने हुंगलं आणि काहीच बोलली नाही, नुसतं खाली ठेवलं. दादाला तेवढं पुरलं. मी चौदा वर्षं तोंडाने सांगतेय, आणि हिचं गप्प बसणं पुरतं!

जळते मी. लिहायला काय जातंय, इथे कोण वाचणार आहे. जळते.

सोमवार, १८ मार्च

वहिनीने ओतलं. डावीकडचा. बरोबर.

याही वेळी एक ग्लास कमी गार. दादाला सांगणार होते, की तुझी बायको नियम मोडतेय. मग म्हटलं राहू दे, आणखी दोनदा चुकू दे, एकदम सांगेन.

शुक्रवार, २२ मार्च

बाटल्या भरायच्या खोलीबाहेरून ऐकलं. दादा म्हणत होता, “तू असतीस ना आधीपासून, तर ती बारा खोकी गेलीच नसती.” यंत्राच्या खडखडाटात वहिनी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

जेवले नाही. म्हटलं पोट बिघडलंय.

सोमवार, २५ मार्च

वहिनी माहेरी गेलीय चार दिवस. घरात बरं वाटतंय. चहा मी केला. तरी चव नाही — पावडर तीच.

काकांनी ओतलं. चूक. परत एकदा, परत चूक. तिसऱ्यांदाही. दादा म्हणाला, “जानेवारीत केवढा ताप आला होता तुला. थकवा असेल.” ताप जाऊन दोन महिने झाले! काकांना मी सरळ म्हटलं, तुम्ही ओतत जाऊ नका. काका म्हणाले, “बाई, मी नळाखाली हात धुऊन आलोय, साबण लावून.” बिचारा दुखावला. पण मग काय करायचं, एकटीनेच सगळं गिळायचं का?

सोमवार, १ एप्रिल

वहिनी आली. ओतलं. उजवीकडचा — बरोबर. बघा! काकांचाच दोष.

आणि तोच ढिसाळपणा, उजवीकडचा ग्लास जवळजवळ कोमट. माहेरून काही शिकून आली नाही.

शनिवार, ६ एप्रिल

लेबलं छापायची आहेत. छापखान्याला पुढच्या सोमवारी, पंधराला सांगायचंय, नव्वद की साठ. दादा म्हणाला, “आठ तारखेला तुझ्या वहिनीला नीट तपासू. तिच्या नाकावर भरवसा ठेवायचा का, ते बघू. तूच ओत, छोटी.”

म्हणजे साठ छापलं तर उद्या शिक्काही तिचाच. दादा तसं बोलला नाही. पण मी काय दूधखुळी आहे?

मीच ओतायचं. बरं.

मला एक सुचलंय. वेगळी बिअर ठेवायचीच नाही. तिन्ही ग्लासांत एकच. कुणी सांगितलं एक वेगळा आहे की माणूस काहीतरी उचलतोच, न उचलून सांगणार कुणाला? उचलेल, वर पुठ्ठाबिठ्ठा म्हणेल. मग चिठ्ठी उघडायची. नाकाने कांदे सोलणाऱ्यांचं नाक कापलेलं बघायला मलाही आवडेल.

वाईट आहे का हे? आहे. असू दे.

सोमवार, ८ एप्रिल

झालं. जमलं!

तीन आठवड्यांपूर्वीच्या भरणीतलं एक क्रेट. पहिली बाटली जरा फेसाळली, दोनच ग्लास भरले, तिसऱ्यासाठी त्याच क्रेटमधली दुसरी फोडली. तीच टाकी, तीच तारीख, तोच गारवा. मी स्वतः तिन्हींचा घोट घेऊन पाहिला आधी. अगदी सारखे. चिठ्ठीत लिहिलं, ‘तिन्ही एकच’.

वहिनीने पहिला हुंगला, दुसरा हुंगला, तिसऱ्याला थांबली. “हा,” म्हणाली. “हा चांगलाच उतरलाय. पुठ्ठा.”

दादाने चिठ्ठी वाचली. परत वाचली. वहिनीकडे बघेना. मी म्हटलं, “तपासायचं तर नीट तपासायचं ना.” वहिनी लाल झाली. “पण मला खरंच आला वास,” एवढंच. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, कसं ते सांगता येत नाही. मग एप्रन काढून खुंटीला लावला आणि घरी गेली.

दादा म्हणाला, “नव्वदच राहू दे मग.”

संध्याकाळी वहिनीने सगळ्यांना वाढलं. मला आधी.

मंगळवार, ९ एप्रिल

काका सकाळी रिकाम्या बाटल्या गोळा करत होते. कालची दुसरी बाटली, अर्धी उरलेली, झाकण नुसतं वर टेकवून मी ओट्यावर ठेवलेली. काकांनी उचलली आणि तोंड वाकडं केलं. “ही कुणी ठेवली? पावसात भिजलेल्या खोक्यासारखी घाण मारतेय.” मग झाकण हातात फिरवून बघितलं. “हे बघा बाई, एका बाजूने चेपलंय. यंत्रात तिरकं बसलं असणार. हवा जात होती पहिल्या दिवसापासून.”

काकांना बिअरमधलं ओ की ठो कळत नाही. ते ताक पितात.

मी बाटली हातात घेतली. नाकाशी धरली. काही नाही. पार आत नाक खुपसलं. काहीही नाही. काका माझ्याकडे बघत होते म्हणून म्हटलं, “हो, येतोय खरा.”

बुधवार, १० एप्रिल

घरात कुणी नव्हतं. कपाटातली गरम कपड्यांची पेटी उघडली. डांबरगोळ्या हातात घेतल्या, चार-पाच, ओंजळभर नाकाला लावल्या. काही नाही. फिनेलची बाटली. काही नाही. व्हिनेगर नाकात झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. लसूण ठेचला. काडी पेटवून विझवली. चहाची पावडर — वहिनीचा डबा. पावडर तीच, डबा कधी रिकामा केलेलाच नाही; तळाशी तापाच्या आधी माझ्या हातून पडलेला चमचा सापडला.

जानेवारीपासून. त्या तापापासून. आणि मी शिक्के मारतेय. ती बारा खोकी माझ्याच शिक्क्याची.

पण मग ते बरोबर आलेले दिवस? ते कसे आले?

सोमवार, १५ एप्रिल

काल दुपारी ही वही पहिल्या पानापासून वाचली. अकरा मार्च, अठरा मार्च, एक एप्रिल — तिन्ही दिवशी एक ग्लास कमी गार. सकाळी आधी दादाला चेपलेल्या झाकणाचं सांगितलं, डाव माझा होता तेही. त्याने छापखान्याला फोन केला. साठ.

मग माझी पाळी होती. वहिनीनेच ओतलं, आठ तारखेला मी तसं वागले तरीही तिनेच. मी हुंगलं नाही. तिन्ही ग्लासांना नुसती बोटं लावली. दोन गार. मधला कोमट. मी डावीकडचा उचलला आणि दादापुढे ठेवला.

वहिनीचा चेहरा पडला. दादाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “ताई, घाई झाली तुमची. परत एकदा हात लावून बघा ना.”

हात लावून म्हणाली. वास घेऊन नाही.

मी म्हटलं, “हाच.” आणि खिशातला शिक्का तिच्या तळहातावर ठेवला.