रेडिएटर आणि जावयाचं जेवण

२ ऑक्टोबर, शुक्रवार
आमच्या मुलीचं, कासुबाचं, लग्न ठरलं. सतरा तारखेला जावयाच्या घरी जेवण पोचवायचं. ते होईपर्यंत आमच्या घरचा घास त्याला चालत नाही आणि सासूचं तोंडही त्याने बघायचं नाही. रीत म्हणजे रीत.
बायको म्वापे म्हणाली, आपल्या न्डोलाहून जावयाच्या किट्वेपर्यंत भाड्याचा पिकअप करू. म्हटलं, घरात आपली स्टेशन वॅगन असताना? मुलीच्या बापाची काही शान आहे की नाही? बायको म्हणाली, "शान आहे हो, पण ती चढावर वाफा सोडते."
बॉनेट उघडलं. रेडिएटरमधलं, इंजिन गार ठेवणारं कूलंट चहासारखं झालंय. बदलणार. शास्त्रशुद्ध पद्धतीने.

४ ऑक्टोबर, रविवार
चर्च बुडवलं. अभ्यास.
आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही. ऑक्टोबरात इथे चपलेला डांबर चिकटतं. खरा शत्रू गंज. म्हणून कूलंट निवडायचं ते त्यातल्या गंजरोधकावरून. लोक रंगावरून निवडतात. कीव येते.
सिलिकेट: अ‍ॅल्युमिनियमवर झटकन थर चढवतं, पण लवकर संपतं. फॉस्फेट: गुणी, पण आमच्या चुनखडीच्या पाण्यात त्याचे क्षार साचतात. सेंद्रिय आम्लं: जिथे गंज धरू लागतो तिथेच काम करतात, एरवी गप्प. वर्षानुवर्षं टिकतात. म्वापेला म्हटलं, माझा स्वभाव साधारण असाच. ती म्हणाली, "टिकलात खरे. गप्प कधी होतात ते सांगा."
विषय मला नवा नाही. तरुणपणी खाणीच्या लॅबमध्ये होतो. बाटल्या धुवायचो, पण धुण्याआधी लेबलं वाचायचो.

६ ऑक्टोबर, मंगळवार
सिकाझ्वे मेकॅनिक आला. जुनं कूलंट काढलं, आत पाणी मारून साफ केलं. नवं कुठलं घालू म्हणाला. इथे पेच.
गाडी फ्रेंच. मूळ इंजिन वारल्यावर बसवलेलं इंजिन जपानी. युरोपवाले फॉस्फेट नको म्हणतात, जपानी सिलिकेट नको म्हणतात. एकाच नळीत दोन घराणी! सिकाझ्वेला समजावलं. तो म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं दोघांचा संसार सुखात चाललाय. तुम्ही कशाला कान भरताय?"
त्याला परत पाठवला. रेडिएटर तूर्त रिकामा. उत्तमच. रिकाम्यात गंजणार काय?

१० ऑक्टोबर, शनिवार
स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, कुठला रंग देऊ? म्हटलं, गंजरोधक कुठला ते बोला. त्याने भावाला हाक मारली. भावाने मामाला. मामा म्हणाला, "गुलाबी घ्या, बायकांना आवडतं."
रांगेतल्या लोकांना थोडक्यात विषय समजावला. रांग बरीच लांबली. एकाने टाळ्या वाजवल्या. माझं बोलणं संपल्यावर वाजवल्या, म्हणजे कौतुकानेच.
काही न घेता परत. घाई नको.
घरी रेडिएटरच्या झाकणाला तांबडी पूड. बाहेरून उडाली असणार.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
निर्णय! जपानी इंजिनासाठी फॉस्फेटवालं सेंद्रिय घेतलं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना फ्रेंच बाजूवर अन्याय होतोय असं वाटलं. परत वर जाऊन सिलिकेटवालंही घेतलं. आता अर्धं-अर्धं. दोघांचे गुण एकत्र येतील. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?
डब्यावर लिहिलंय, दुसऱ्या प्रकारात मिसळू नये. ही सूचना सर्वसामान्यांसाठी.

१५ ऑक्टोबर, गुरुवार
काल रात्री जॅमच्या रिकाम्या बरणीत दोन्ही मिसळून चाचणी केली. पाणी चुनखडीचं नाही, बॅटरीचं वापरलं. मी कच्चा नाही.
सकाळी बरणीत जेली. म्वापे बरणी उलटी करून बघत राहिली. पडेना. जॅमचा अंश राहिला असणार. जॅम घट्ट होणारच.
माझी मोठी बहीण न्गोसाताई स्वयंपाकाला आलीय. तिने पुन्हा पिकअपचा विषय काढला. दोघींचं आधीच ठरलेलं दिसतं. म्हटलं, गाडी माझी जबाबदारी. ताई म्हणाली, "लहानपणी शेळ्याही तुझीच जबाबदारी होत्या." हा विषय इथे अप्रस्तुत.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
मिश्रण भरलं. गल्लीत एक फेरी मारली. तापमानाची सुई मध्यावर. म्वापेला बोलावून दाखवली. ती कोंबड्या सोलत होती, आली नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार. रस्त्याच्या कडेला.
सकाळी निघालो. मागे पातेली: आख्ख्या कोंबड्या, शेंगदाण्याच्या कुटातली भाजी, वाळवलेल्या अळ्या, मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा. मध्ये म्वापे, ताई आणि मदतीला आलेल्या दोघी आचारिणी गात होत्या. मी सिलिकेटबद्दल सांगू लागलो तर अजून मोठ्याने गाऊ लागल्या.
टोल नाक्यापुढे सुई चढली. सुई बिघडली असावी म्हणून चालवत राहिलो. मग बॉनेटखाली धडाम्. वाफ. गाणं बंद.
वाफ ओसरल्यावर बघितलं. फुटलेल्या नळीतून तपकिरी लापशी ओघळत होती. म्वापे गाडीच्या मागे गेली. पातेल्याला हात लावून बघत होती, गरम आहे का. तिचं ते बघणं मला अजिबात सोसलं नाही. दोन दिवस चुलीपुढे उभी होती ती.
येणाऱ्या गाड्यांना हात केला. कुणी थांबेना. शेवटी ताईने जावयालाच, चितालूला, फोन लावला.
चितालू पिठाचा ट्रक घेऊन स्वतः आला. ज्याच्या घरी मिरवत जेवण न्यायचं, तोच हमाल! त्याला बघताच म्वापे कमरेचं चितेंगेचं कापड सोडून डोक्यावरून ओढून गवतात बसली. तो आभाळाकडे बघत ट्रक मागे घेऊ लागला. ताई ओरडली, "जावईबापू, सासू नका बघू, पण खड्डा बघा!" आचारिणी हसून हसून पातेल्यांवर पडल्या. गवतातून म्वापेचंही हसू ऐकलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.
पातेली चढवून सगळ्या मागे बसल्या. ट्रक पुन्हा गात गेला. गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे मी.

तोच दिवस, संध्याकाळ
सोहळा झाला. मी नव्हतो.
ऊन कलल्यावर चितालू परत आला, टोइंगचा दोर आणि झाकलेलं ताट घेऊन. म्हणाला, "बाबा, सगळे जेवले. तुम्ही उपाशी आहात म्हटल्यावर माझ्या घशाखाली उतरेना." आमच्या घरचा पहिला घास त्याने बॉनेटवर ताट ठेवून माझ्यासोबत खाल्ला. कोंबडी गार झाली होती. पोरगा चांगला आहे. त्याने कूलंटबद्दल एक शब्द काढला नाही. मी काढला. त्याने मला अजून एक तंगडी वाढली.

१८ ऑक्टोबर, रविवार
सिकाझ्वे म्हणाला, इंजिनाचं हेड वाकलं, रेडिएटर फेकायचा. सिद्धांत चूक नव्हता. दोन्ही घराण्यांनी पुरेसा समजूतदारपणा दाखवला नाही.
चर्चमध्ये फादरांनी वाहनचालकांसाठी प्रार्थना केली. सगळे माझ्याकडे बघत होते.

१९ ऑक्टोबर, सोमवार
कामावर बसने. उभ्याने.