ओव्हनमधले हेडलाइट

४ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या ओव्हनमध्ये आज गाडीचा हेडलाइट भाजायला ठेवला होता!

केक नाही, बिस्किटं नाहीत — हेडलाइट! मी दूध आणायला खाली गेले होते. वर येते तर स्वयंपाकघरात टायर जाळल्यासारखा वास, आणि हा ओव्हनसमोर उकिडवा बसलेला. ओट्यावर मोबाइल टेकवून ठेवलाय, त्यात कुणी परका माणूस हेडलाइट कसा उघडायचा ते दाखवतोय.

(तोंडावर मी 'अहो' म्हणते. इथे 'हा' पुरे.)

याची नोकरी गेली त्याला महिना होत आला. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाच्या कानाखाली वाजवली म्हणून काढलं. घरी सांगितलं काय, तर "मालकाशी पटलं नाही." आता नवं खूळ. म्हणे हेडलाइट कंपनीत चिकटवून बंद केलेले असतात. ते तापवायचे, गम मऊ झाला की काच वेगळी करायची, आत काळा रंग मारायचा, गोल चकाकत्या रिंगा बसवायच्या, परत चिकटवायचे. पोरं वेडी आहेत म्हणे त्यासाठी. घरबसल्या धंदा.

आणि नमुना म्हणून कुणाची गाडी? माझी! बाबांनी जाताना माझ्या नावावर केलेली. पुढचा बंपर काढून हॉलमध्ये सोफ्याला टेकवलाय. दोन्ही दिव्यांच्या जागी भोकं. वायरी लोंबताहेत.

नेमका हाच आठवडा मिळाला याला. रविवारी हा दोन दिवसांसाठी मित्राकडे जाणार. त्याच रविवारी माझ्या पोरीला, मुंगीला घेऊन मी ताईकडे जाणार, ते कायमची. ताईनं खोली रिकामी करून ठेवलीय. पिशवी भरून झालीय, मुंगीच्या जुन्या स्वेटरांखाली ठेवलीय. फक्त गाडी तेवढी धड हवी होती.

याला कळलंय का? नाही. कळलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

उजव्या हातानं लिहितेय, पण डावा डोळा उघडत नाही, त्यामुळे ओळी वाकड्या जाताहेत.

डावा हेडलाइट उघडायला घेतला. मी काही बोलणार नव्हते. खरंच नव्हते. पण दिवा उलटा धरला होता, तेव्हा मला खालच्या बाजूला खाचेत एक स्क्रू दिसला. बाकीचे यानं काढून बशीत ठेवले होते, हा एक राहिला होता. आत खोल, धूळ बसलेला.

"अहो, खाली एक स्क्रू आहे."

"तू तुझे केक बघ."

ओव्हनमधून काढला. कडेत पेचकस घालून लागला ओढायला. निघेना. अजून ओढला. मी परत म्हटलं, "अहो, तो स्क्रू—" आणि कड्कन आवाज! कोपराच तुटला. पेचकस घसरून याच्या तळहातात गेला.

मग काय! याच्या डोक्यात राख. "मध्ये मध्ये बोलतेस म्हणून झालं!" पहिला फटका कानावर. दुसऱ्याला मी खाली वाकले, तर केस धरून उभी केली आणि ओट्याच्या कडेवर आपटली. भुवई फुटली. रक्त त्या गरम दिव्यावर पडलं आणि चर्र झालं. त्यानंतरच्या लाथा मी मोजल्या नाहीत. मोजायची सवय सोडून दिलीय.

मुंगी दारात उभी होती. दप्तर पाठीवरच. रडली नाही. पूर्वी रडायची.

स्क्रू अजून तिथेच आहे. तुटलेल्या तुकड्यात घट्ट बसलेला. मी बरोबर होते! मेले तरी मी बरोबर होते!!

६ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरकडे नेलं. स्वतः नेलं, रिक्षानं, हात धरून. बघणाऱ्याला वाटावं काय प्रेमळ नवरा.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"ओव्हनचं दार लागलं," मी. पाठ आहे मला. मागच्या वेळी बोट मोडलं तेव्हाही ओव्हनचं दारच होतं. त्याआधी पाठ भाजली, तेव्हाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. याच्याकडे बघितलं. हा भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होता.

"दार तर खाली उघडतं ना हो? भुवईला कसं लागलं? ओव्हन माळ्यावर ठेवलाय का?"

हा हसला. मग मीही हसले. हसताना टाके ओढले गेले.

मुंगीला घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून तीही होती. बाकावर बसून सगळं ऐकत होती. घरी आल्यावर मी भाजी चिरत होते तर शेजारी येऊन म्हणाली, "आई, शाळेत विचारलं तर मीपण दारच सांगायचं ना?"

मी हो म्हटलं. नऊ वर्षांच्या पोरीला मी सांगितलं, हो, दारच सांग. लाज वाटली. एवढी लाज मला मार खाताना कधी वाटली नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

वरच्या काकूंचा ऑर्डरचा केक परत आला. "रबराचा वास येतोय गं." फेकला. मुंगी म्हणाली, मी खाल्ला असता.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतून बोलावणं. मला वाटलं, माझ्या डोळ्याबद्दल विचारणार. ओव्हनचं दार ओठांवर तयार ठेवून गेले.

तर मुंगीनं वर्गातल्या मुलीला मारलंय! चिमटा नाही, ढकलाढकली नाही. केस धरून डोकं बाकावर आपटलंय. त्या मुलीच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ. बाई म्हणाल्या, "घरी काही आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, एकुलती एक ना, हट्टी झालीय."

बाहेर आल्यावर विचारलं, का मारलंस?

"ती मध्ये मध्ये बोलत होती."

मी तिथेच फुटपाथवर बसले. शब्द याचे. आवाजसुद्धा याचाच, बारीक केलेला.

आजवर मला वाटायचं, मला जीव वाचवायचाय. माझा, झालंच तर तिचा. मारामारी थांबली म्हणजे सुटलो. पण हिच्या हातात ते आधीच उतरलंय. रविवार चुकता कामा नये. काहीही होवो, त्या गाडीत बसून मी हिला इथून काढणार. हिच्या हातातून ते मी घासून, पुसून, प्रेमानं, रागानं, कसंही काढीन. पण आधी या घरातून.

डाव्या दिव्याचा कोपरा यानं कसाबसा चिकटवला. रिंग बसवली, दिवा गाडीला लावला. दिसतो बरा, खोटं कशाला बोलू. उजवा राहिलाय. तो झाला की बंपर चढेल. उद्या करू म्हणतोय.

मीच करते उद्या. गोड बोलून.

९ नोव्हेंबर, शनिवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. आत याला टाके घालताहेत. मुंगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय. हाताला अजून तो काळा गम चिकटलाय तिच्या.

नीट लिहिते. नाहीतर उद्या मलाच आठवणार नाही.

सकाळी चहा दिला. साखर जास्त घालून, त्याला आवडतो तसा. म्हटलं, "अहो, तुमचा हात दुखतोय. उजवा दिवा मी उघडू? तुम्ही सांगा, मी करते." आधी फिस्कटला. मग तळहातावरची पट्टी बघितली आणि म्हणाला, "कर. मोठी शहाणी ना तू! बघू तरी."

मी आधी दिवा उलटा केला. खाचेतला स्क्रू काढला. बल्ब काढले, मागची रबरी टोपणं काढली. ओव्हन मंद ठेवला. काढला, कडेला पेचकस लावला, नुसता टेकवून बघितला. कडक. परत आत. हा म्हणाला, "ओढ की!" मी म्हटलं, "तापू द्या." बिस्किटांचं कळतं तसंच दिव्याचंही कळतं, घाई केली की मोडतं. परत काढला. या वेळी कड हलली. मग एकेक खटका सोडवत गेले. काळे गमाचे धागे लोंबायला लागले, लांबच लांब, च्युइंगगमसारखे. आणि काच अलगद हातात आली. अख्खी! एक ओरखडा नाही!

मागचा भाग तापलेला होता. मुंगीला माझे ओव्हनचे मोजे घातले, कोपरापर्यंत आले तिला. म्हटलं, धर जरा, मी कागद पसरते.

"आई, जमलं! तुला जमलं!" ती ओरडली. आणि मी हसले. बास. एवढंच केलं मी.

"मला हसतेस?"

हळू आवाजात म्हणाला. हळू बोलला की जास्त मारतो. केस धरले, ओव्हनचं दार उघडंच होतं, माझं तोंड त्यात खुपसायला लागला. गालाला धग लागली. जाळीचा रंग दिसत होता. मी दोन्ही हातांनी ओटा धरून ठेवला होता, आणि बोटं सुटत होती. मला वाटलं, संपलं. उद्या रविवार, आणि माझा गाल राहणार नाही.

धप्प असा आवाज झाला. पकड सैल झाली. मी मागे पडले.

मुंगीनं तो तापलेला दिवा दोन्ही हातांनी फिरवून मारला होता. भुवईच्या वर. माझी फुटली तिथेच. तो वाकला, कपाळ धरलं, भिंतीला टेकून खाली बसला. रक्त, आणि कपाळापासून दिव्यापर्यंत तो काळा धागा ताणलेला.

"मुंगे," तो म्हणाला. ती लहान असताना म्हणायचा तसं.

तिनं परत मारलं.

मी धावून तिचे हात धरले. मोजे काढले, तर गम तिच्या हाताला लागला. तिचा श्वास जोरात चालला होता, पण चेहरा शांत. रिक्षात तो मधे बसला, आम्ही दोघी दोन बाजूंना. उतरताना तोच म्हणाला, "विचारलं तर काय सांगायचं ते माहितीय ना?"

कंपाउंडर बोलावतोय. आत जाते.

९ नोव्हेंबर, नंतर

डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. हा म्हणाला, "ओव्हनचं दार लागलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. माझं 'हो' तयार होतं, तोंडात आलंच होतं. तेवढ्यात मुंगी म्हणाली, "नाही. मी मारलं. ते आईला ओव्हनमध्ये घालत होते."

मग मीही केस मागे करून पोळलेला गाल दाखवला आणि म्हटलं, "दार नव्हतं, डॉक्टर. कधीच नव्हतं." त्यांनी पोलिसांना फोन लावला. हा ओरडायला लागला, तर कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला.

फोन झाल्यावर डॉक्टर मुंगीसमोर खाली बसले. "बाळा, जखमा दोन आहेत. पहिल्यांदा आईला सोडवायला मारलंस. आणि दुसऱ्यांदा?"

मुंगीनं माझ्याकडे बघितलं. मग खरं सांगितलं.

"दुसऱ्यांदा बरं वाटत होतं."