निळी गोधडी

ती. सौ. आईस,

आधी तुझ्या पाया पडते, मग भांडते.

गोधड्यांचं गाठोडं सुखरूप पोचलं. मोठी गोधडी घरमालकीणबाईंना दिली, तर त्यांनी ती भिंतीवर टांगली! अंगावर घ्यायची असते म्हटलं, तर म्हणाल्या, "एवढी मेहनत अशी चुरगाळायची?" लाल काठांची शेजारच्या खोलीतल्या नर्सला दिली. मागे मला ताप आला होता तेव्हा तीच उशाशी बसून होती. साधाच ताप होता, म्हणून कळवलं नाही.

तिसरी, निळी उलगडली आणि हसूच फुटलं. अर्ध्यापर्यंत तुझा धावदोरा, मुंग्यांच्या रांगेसारखा. पुढे मात्र पोत्याचं तोंड शिवावं तसे टाके, आणि गाठी सगळ्या वरच्या बाजूला. हे बाबांचंच काम! शर्टाचं बटण तुटलं तरी तुला हाक मारणारा माणूस, त्याने सुई कशी काय धरली?

मग हसू थांबलं. फोनवर विचारलं की म्हणतेस, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" मला फसवशील गं, पण टाके कसे लपवशील? याच आठवड्यात डोळे दाखवून ये. बाबांना सोबत ने, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनाच सांगू दे.

त्यांना म्हणावं, गाठ खालच्या बाजूला घ्यायची असते. पण आहेत त्या राहू देत. इथे थंडी फारशी नाही, तरी रोज निळीच पांघरते. गाठी गालाला टोचतात, तेव्हा बाबा दारातून "झोपलीस का?" विचारतायत असं वाटतं.

लपवाछपवी तुझ्याकडूनच शिकलेली,
तुझी लेक