दगडामागचं पाणी

आप्पा, तुमच्या नातीच्या घराची भिंत कुजली. दगडी भिंत कुजते व्हय, असं तुम्ही विचाराल. मीही फोनवर तेच विचारलं. पोरगी म्हणाली, "अगं आई, दगड नुसता वरून चिकटवलेला असतो. आत सगळं लाकूड." बोट-दोन बोटं जाडीचा दगड, तोही खाणीतला नाही, साच्यात सिमेंट ओतून रंगवलेला! दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी तिच्याकडे तीन महिने राहून आले, तेव्हा त्याच भिंतीवरून हात फिरवला होता आणि सोलापुरात परत येऊन सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, लेकीचं घर दगडी आहे, गवंड्याच्या नातीला शोभेल असं. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. सहा महिने बर्फात राहणारा मुलुख, आणि तिथे असली नटवी भिंत? खिडकीच्या डोक्यावर पाणी अडवायला पत्र्याची पट्टी लागते, ती बांधणाऱ्याने बसवलीच नव्हती म्हणे. पाणी दगडामागे उतरलं, थंडीत गोठून फुगलं, दगड सुटले, बर्फ वितळला तसं लाकडात मुरलं. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने चार दगड काढून आतल्या फळीला बोट लावलं तर ती कुस्करली, दुधात भिजवलेली कडक भाकरी कुस्करते तशी. त्या भिंतीला आतून माझ्या लेकीचा देव्हारा आहे. देवांच्या पाठीशी काळी बुरशी चढत होती आणि ती रोज तिथे उदबत्ती लावत होती. ज्याने ते घर बांधलं त्याच्या घरी देव नसतील का हो? माणूस बघत नाही तिथे देव बघतो, एवढंही त्याला कुणी शिकवलं नसेल?

तुम्ही देवळामागची मातीची भर अडवायला भिंत बांधत होता तो दिवस मला दिसतो. मी नऊ-दहा वर्षांची, तुमची भाकरी घेऊन आलेय. भिंतीच्या पायथ्याशी तुम्ही हातहातभर अंतरावर भोकं ठेवलीत. मला वाटतं राहून गेलीत. तुम्ही जेवायला बसता तेवढ्यात मी चिखल आणि खडे कोंबून सगळी बुजवते, वरून हात फिरवून गुळगुळीत करते. तुम्ही चूळ भरून येता आणि थांबता. "ह्ये कुणी केलं?" "मी. छान दिसतंय की." "छान? भिंतीला काय लग्नाला न्यायची हाय? काढ. समदी काढ." तुमच्याबरोबरचे काका हसतात, "आप्पा, पोरगी मुकादम झाली की तुमची!" तुम्ही हसत नाही. मी रडत रडत बोटांनी चिखल उकरते, नखं दुखतात, आणि तुम्ही शेजारी उकिडवे बसून हळू आवाजात सांगता, "पानी येनारच, बाय. कितीबी चांगली बांधली तरी येनार. त्याला जायाला वाट ठेवायची. न्हायतर त्ये भिंतच घिऊन जातंय."

तर त्या कारागिराने तिकडे तेच सांगितलं. वरून पाणी आलं ही बांधणाऱ्याची चूक, पण खाली पाणी निघायला बारीक भोकं होती, ती कुणीतरी बुजवलीत. ती उघडी असती तर भिंत एवढी गेली नसती. हे ऐकल्यापासून जावईबापू पेटलेत. त्यांनी घर एका म्हातारीकडून घेतलं, ती दोनच गल्ल्या पलीकडे राहते. "आई, तिनेच बुजवली. घर विकायच्या आधी ओल लपवायला. वकिलाकडून पत्र जाणार आहे सोमवारी, सोडणार नाही मी तिला." ती म्हातारी मला ठाऊक आहे. मी तिथे होते तेव्हा ती तिच्या झाडाची सफरचंदं घेऊन आली होती. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. तासभर आम्ही नुसत्या एकमेकींच्या हातांकडे बघून हसत बसलो होतो. जाताना तिने स्वतः विणलेले लोकरीचे पायमोजे दिले. सोलापुरात त्यांचं काय करायचं, तरी कापूर घालून जपलेत. लपवाछपवी करणारं माणूस असं मोजे विणत नाही, असं मी जावयांना म्हटलं. ते म्हणाले, "आई, तुम्ही फार भोळ्या आहात."

भोळी नाही, आप्पा. त्या उन्हाळ्यात देव्हाऱ्यातल्या नैवेद्याला मुंग्या लागत होत्या. रोज साखर उष्टी व्हायची, मला सहन होईना. रांगेचा माग काढत मी बाहेर गेले तर त्या दगडाखालच्या भोकांतून येत होत्या. त्यासाठी माणूस कशाला बोलवायचा? न्हाणीघराच्या फटी बुजवायला आणलेल्या नळीत थोडा चिकट मसाला उरला होता, फुकट जाऊ नये म्हणून तोच घेतला, जुन्या चमच्याने सात भोकं भरली आणि अंगठ्याने गुळगुळीत केली. छान दिसत होती. गवंड्याची मुलगी मी, एकदा नखं दुखेपर्यंत शिकलेली, आणि तरी. तिथे असताना रोजचं टिपून ठेवायची त्या वहीत त्या दिवशी लिहूनही ठेवलंय: मुंग्यांचा बंदोबस्त केला. आठ दिवस झाले, पोरीचा रोज फोन येतो, आणि मी त्या बांधणाऱ्याला शिव्या देते, जोरजोरात, म्हणजे मला दुसरं काही बोलावं लागत नाही.

दिवेलागण झाली. तिकडे आता सकाळ होत असेल. उद्या सोमवार, पत्र जायच्या आत आज फोन मीच लावणार आहे. जावई काय म्हणायचं ते म्हणोत. हा कागद टपालात टाकायचा नाही, पायमोज्यांच्या घडीत ठेवते. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही ओरडलात तरी मला ऐकू येणार नाही. आणि खरं सांगू, आप्पा, ऐकू यावं असं फार वाटतं.