आईच्या वाडग्यातलं

३ मार्च
बाबांचं वाईट कोलेस्टेरॉल पुन्हा वर! वर्षभर वाफवलेला मासा, ओट्स, परत मासा — पिनांगची खाडी उपसून झाली, तरी आकडा चढतोच. डॉ. सेल्वमणींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खाटीक. "घरात मांस येतं का?" छे! आई गेल्यापासून स्वयंपाक माझ्याकडे, आणि मीही तोच मासा गिळते. म्हणाल्या, एकोणऐंशीव्या वर्षी हृदयाला जपायला हवं. आणखी एक चाचणी लिहून दिली — लायपोप्रोटीन-ए, रक्तातल्या चरबीचाच एक प्रकार. निकाल उशिरा येणार.
बाबा भिंतीवरचं हृदयाचं चित्र निरखत होते. मला म्हणाले, "गेक, आलं घालून शिजवलं तर बरं लागेल हे."

८ मार्च
बाबा ताटाकडे बघून — "हा मासा हल्ली माझ्यासारखा दिसतो." मी — "त्याचं कोलेस्टेरॉल कमी आहे."

१९ मार्च
चोर सापडला! ऑफिसातून लवकर आले, तर बाबा आईच्या फोटोपुढे. वाडगाभर सोया सॉसमध्ये शिजवलेलं डुकराचं मांस, चरबी नुसती थरथरतेय. उदबत्ती लावली, आईला विचारलं, "जेवलीस?" दोन नाणी टाकली — एक छापा, एक काटा. म्हणजे हो. आईचं झालं, आता हे बसणार.
"अमावास्या-पौर्णिमेला नैवेद्य ठीक. रोज?"
"तिला रोज भूक लागते."
"जन्मभर चिमणीएवढं खायची ती!"
"म्हणून तर. आणि तिचं उरलेलं टाकायचं? तूच सांग तिला."
मी वाडगा कचऱ्यात ओतला. बाबांनी नाणी पुसून खिशात ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ मार्च
मासाही शिवत नाहीत. पेज, तीही दोन घोट.
"मला कुणासाठी वाचवतेस?"
"माझ्यासाठी."
"मग तूच खा."
पेपरात मंत्र्यांना सोलून काढते मी. इथे नुसती पेज परत गरम केली.

२९ मार्च
बाबा गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदय. नाणी खिशातच होती.

३१ मार्च
निकाल आज आला! बाबा जाण्याआधी आला असता तर —
डॉक्टरांचा फोन. आकडा भयंकर. रक्तातच असतो म्हणे, जन्मापासून. "खाण्याने हा फारसा हलत नाही. तुमच्या माशाने काही झालं नसतं." वा! मग वर्षभर मी काय केलं? एका म्हाताऱ्याच्या तोंडची चव काढून घेतली. शेवटचा वाडगासुद्धा.
"तुम्हीही तपासून घ्या," म्हणाल्या. आनुवंशिक असतो.
बाबांनी घर ठेवलंय मला. आणखी काय ठेवलंय, बघू.

१२ एप्रिल
माझा निकाल. बाबांहून मोठा आकडा.
आई-बाबांच्या फोटोंपुढे वाडगे भरून मांस ठेवलं. विचारलं, "जेवलात?" नाणी टाकली — काटा, काटा. नाही. थांबले, परत टाकली. नाही. उदबत्ती विझली. नाही.
दोघं ताटावर बसून आहेत. कुणाची वाट बघताहेत, कळलं.